पायापुरता उजेड

एसटी स्टँडच्या चौकात बॅटरीनानांचा फ्लेक्स लागलाय. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नानांचा फोटो आधार कार्डावरून उचललेला, डोळे अर्धे मिटलेले, आकाराने बशीएवढा. त्याखाली हात जोडून उभे असलेले अकरा शोकाकुल, एकेक जण परातीएवढा. मधोमध फेटा बांधलेले तात्या. आणि खाली मजकूर, 'रसिकांच्या सेवेत आयुष्य वेचणारे आमचे मार्गदर्शक'.

मी सकाळी दुकान उघडायला निघालो होतो. ते 'आमचे मार्गदर्शक' वाचलं आणि डोकं सणकलं. ज्यांनी या माणसाला दारावरून घालवलं तेच आता त्याच्या फोटोखाली हात जोडून उभे! जनाची नाही तर मनाची तरी असावी, म्हणतात. इथे दोन्हीचा पत्ता नाही. आणि लोक फ्लेक्सखाली थांबून 'चांगला माणूस होता हो' म्हणत चहाला जात होते.

तात्यांचं पूर्ण नाव मी लिहिणार नाही. इंदापूर तालुक्यात तात्या पायलीचे पन्नास आहेत, ज्याला अंगाला लावून घ्यायचं त्यानं घ्यावं. नाव न लिहिण्याचं खरं कारण वेगळं आहे. ते नानांचं आहे, ओघात येईल.

माझं मेडिकलचं दुकान थेटराच्या बरोबर समोर. आमचं जुनं, एका पडद्याचं थेटर. आता तिथे मंगल कार्यालय झालंय. नाना तिथे तीसेक वर्षं डोअरकीपर होते. मूळचे बारामतीजवळच्या कन्हेरीचे, पण बारामतीला गेले की संध्याकाळच्या आत परत. कारण विचारलं तर म्हणायचे, "तितं समदं चकाचक हाय डाक्टर, पर अंधार कुठं न्हाय." मेडिकलवाल्याला डॉक्टर म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे. मी सुरुवातीला दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं.

खाकी शर्ट, पांढरी टोपी आणि हातात तीन सेलची स्टीलची बॅटरी. तिच्या काचेवर त्यांनी चॉकलेटचा पिवळा कागद रबराने ताणून बसवला होता, म्हणजे उजेड लांब जाऊ नये. तो कागद माझ्याच काउंटरवरचा. दर सोमवारी माझ्या पायरीवर ते सेल उन्हात मांडून ठेवायचे. उन्हात तापवले की चार दिवस जास्त चालतात म्हणे. मी म्हणायचो, "नाना, नवीन घ्या की." ते म्हणायचे, "ह्ये अजून मेलं न्हाईत, का पुरायचं?" गिऱ्हाइकाचा पाय त्यातल्या एखाद्या सेलवर पडला की मात्र त्या गिऱ्हाइकाचं काही खरं नसे.

पिक्चर सुरू झाला की डोअरकीपर बाहेर येऊन तंबाखू मळत बसतो, ही जगाची रीत. नाना आत थांबायचे. पडद्याच्या डाव्या हाताला बाहेर जायचं दार होतं, त्याच्याशी उभे राहायचे. पाठ पडद्याकडे, तोंड लोकांकडे. तीस वर्षं असेच. हजारो पिक्चर लागले आणि उतरले, या माणसाने एकही धड पाहिला नाही. पाहिली ती माणसं. हिरोची आई कधी मेली ते त्यांना बायकांच्या पदरावरून कळायचं. पिक्चर चालणार की पडणार हे ते पहिल्या खेळाच्या इंटरवललाच सांगत, आणि मालक त्यांच्या शब्दावर पुढच्या आठवड्याचा पिक्चर ठरवत. त्यांचे ठोकताळे ठरलेले होते. माणूस लघवीला उठला तर पिक्चर बरा, उठून न जाताच परत बसला तर चांगला. आणि हसण्याचं तर शास्त्रच होतं. "एकट्यानं हसलं ते खरं हसू न्हाय डाक्टर. हसू आलं की माणूस शेजारच्याकडं बगतंय. वळख नसली तरी बगतंय. तसं झालं की समजायचं, पैसं फिटलं."

बॅटरीचा त्यांचा एक नियम होता. उजेड पायापुरता. उशिरा आलेल्याला पायऱ्या दाखवत खुर्चीपर्यंत न्यायचं, "पायरी हाय, जपून" म्हणायचं, खुर्ची आली की बॅटरी बंद. तोंडावर उजेड टाकायचा नाही. मग ते कोणी का असेना.

या नियमापायी त्यांनी एकदा मार खाल्ला. बारामतीकडचं एक बडं प्रस्थ भर दुपारी जीप घेऊन आलं. त्याची मुलगी कॉलेजला म्हणून निघाली आणि इथे कोणाबरोबर तरी पिक्चरला बसली, अशी त्याला खबर लागली होती. त्याने नानांना हुकूम सोडला, एकेकाच्या तोंडावर बॅटरी मार. नाना म्हणाले, "सायेब, ही बॅटरी पायापुरती हाय." त्याने कानाखाली एक ठेवून दिली. नानांची टोपी उडाली. त्यांनी ती उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि दाराला आडवे उभे राहिले. "इंटरवलला दिवं लागतील, तवा तुमच्या डोळ्यांनी बगा." इंटरवलला दिवे लागले. मुलगी तिथे नव्हतीच. ती बिचारी खरोखर कॉलेजात होती. ते प्रस्थ जीपमध्ये बसून निघून गेलं, माफीचा एक शब्द नाही.

मी नानांच्या गालाला बर्फ लावत होतो आणि शिव्या घालत होतो. नाना उलट मलाच समजावत होते. "माणूस तिकीट पिक्चरचं काढतंय व्हय? अंधाराचं काढतंय. तीन तास आपल्याला कुणी बगू नये म्हणून. त्यो अंधार आपण इकलाय. इकलेला माल पुन्हा हिसकून घ्यायचा का?"

आता 'चार झुरके'.

अंथुर्ण्याचा अक्षय नावाचा एक पोरगा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, घरचे वैतागलेले. त्याने मित्रांना घेऊन हा पिक्चर काढला. गोष्ट एवढीच की तीन दोस्त उसाच्या फडात बसून गांजा ओढतात आणि मग रात्रभर आपला हरवलेला ट्रॅक्टर शोधतात. तो ट्रॅक्टर म्हणजे ज्यावर ते बसलेत तोच. संपली गोष्ट. रात्र दिवसाच शूट केलेली, निळी काच लावून, त्यामुळे रात्री बाराला बगळे उडताना दिसत. एका प्रसंगात अक्षयची चुलती म्हैस घेऊन मधूनच जाते आणि कॅमेऱ्याकडे बघून "जेवायला येताय का न्हाय?" विचारते. ते त्याने तसंच ठेवलं होतं. बारामतीच्या मोठ्या थेटरांनी पिक्चर घेतला नाही. आमचं थेटर तसंही ओस पडलेलं, मालक म्हणाले लाव.

पहिल्या दिवशी सतरा माणसं. खेळ सुटल्यावर अक्षय रडवेला होऊन नानांपाशी आला. "नाना, पिक्चर कसा हाय?"

"मला काय ठाव? माझी पाठ हुती," नाना म्हणाले. "पर सतरा माणसं हुती आन् सतराच्या सतरा एकमेकांकडं बगून हसली. ह्ये म्या लई वर्सांत बगितलं न्हाय."

आणि तसंच झालं. शनिवारी निम्मं थेटर भरलं. रविवारी दुपारी वरकुट्याच्या बचत गटाच्या बायका टेम्पो करून आल्या, कारण म्हैस घेऊन जाणारी ती चुलती त्यांच्या गटातली. तिघं ट्रॅक्टर शोधायला लागले तशी त्यातली एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "आगं, आमचं मालक न पिता असंच चष्मा शोधत्यात, कपाळावर आसतुया!" सगळं थेटर हसलं. तिचे मालक बिचारे टेम्पोपाशी उन्हात उभे होते, त्यांना पत्ताही नाही.

त्या खेळाला मीही होतो. माझे वडील त्या वर्षी उन्हाळ्यात गेले होते. घरात कोणी मोठ्याने बोलतही नसे. समोर गर्दी दिसली, भावाला काउंटरवर बसवलं आणि गेलो. जागा मिळाली ती पुढून तिसऱ्या रांगेत. दिवे गेल्यावर नानांच्या त्या बाहेर जायच्या दारातून कोणीतरी आत आलं. डोक्यावरून उपरणं घेतलेलं. नानांची पिवळी बॅटरी त्याच्या पायांपुढे चालत आली आणि पहिल्या रांगेच्या कडेच्या खुर्चीशी विझली. पहिली रांग म्हणजे सगळ्यात हलकी जागा, ओळखीचं कोणी तिथे बसत नाही.

पडद्यावर त्या तिघांतल्या एकाने चिलीम काढली आणि सनई वाजवावी तशी आडवी तोंडात धरली. पोराने जन्मात चिलीम पाहिलेली नव्हती, हे उघड होतं. आणि पहिल्या रांगेतून, दाराच्या बाजूने, एक खणखणीत आवाज आला. "आरं मुडद्या, सनई हाय का ती? उभी धर! आन् छापी तरी ओली कर आधी!"

छापी म्हणजे चिलमीच्या बुडाला गुंडाळायची चिंधी. ती भिजवून घ्यायची असते. तरुणपणी कुठल्या बैराग्याच्या धुनीशी बरेच दिवस काढल्याशिवाय हे ज्ञान होत नाही. पाचेक मिनिटं थेटरात दुसरं काही ऐकू आलं नाही. बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मी इतका हसलो की डोळे पुसायला रुमाल काढावा लागला, आणि रुमाल काढता काढता लक्षात आलं की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. तात्या रोज सकाळी माझ्याकडे ब्लडप्रेशरच्या गोळीला येतात. त्यांचा खोकलासुद्धा मी मागे वळून न बघता ओळखतो. भजनी मंडळाचे अध्यक्ष, कारखान्याचे माजी संचालक, दारूबंदीच्या सभेतले ठरलेले वक्ते! मला त्या क्षणी तात्या फार आवडले, हे कबूल करतो. इंटरवलचे दिवे लागायच्या आत ती खुर्ची रिकामी झालेली होती.

पुढे दोन दिवस प्रत्येक खेळाला तो प्रसंग आला की अख्खं थेटर ओरडायचं, "छापी ओली कर!" बारामतीहून पोरं गाड्या भरून खास ओरडायला यायची. पण कोणीतरी रविवारचा तो आवाज मोबाईलवर टिपला होता. अंधार, हशा आणि तो आवाज. व्हिडिओ गावागावांच्या ग्रुपवर फिरला. खाली ओळ होती, 'इंदापुरात थेटरात गांजाचे धडे'. आणि मग रविवारी एकमेकांच्या पाठीवर थापा मारणारी माणसं मंगळवारी संस्कृती वाचवायला निघाली.

माझं म्हणणं नीट समजून घ्या. गांजाने बसलेली घरं मी पाहिलीत. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या मागणारी पोरं मी रोज काउंटरवरून हाकलतो. ज्याने पिक्चर पाहिला आणि खरोखर पटला नाही म्हणून विरोध केला, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पिक्चर उतरवा म्हणून निघालेल्या निवेदनावरच्या सह्या मी पाहिल्या होत्या. त्यातले निम्मे माझ्यासमोर हसून खुर्चीवरून घसरले होते. आणि पहिली सही तात्यांची.

का, ते सांगायला नको. आवाज कोणाचा, अशी कुजबुज सुरू झाली होती. चोर सापडायच्या आत तात्यांनीच 'चोर, चोर' म्हणून धावायला घेतलं.

मंगळवारी दुपारी थेटराच्या व्हरांड्यात बैठक बसली. तात्या खुर्चीवर, भोवती दहा-बारा माणसं. थेटरमालक, मान खाली घातलेला अक्षय आणि दारापाशी नाना. निवेदन घेऊन आलेला माणूस माझ्या काउंटरवर 'दुकानं आपलीच हायती डाक्टर, या तिकडं' असं बजावून गेला होता, तेव्हा मीही होतो. भजनी मंडळाच्या एकाने मोबाईल लावला. 'छापी तरी ओली कर आधी!' कोणी हसलं नाही. मग तो म्हणाला, "आवाज पडद्याशेजारच्या दाराकडनं आलाय. तितं कोण उभं आसतंय?"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहिलं. तात्या उपरण्याने मान पुसत होते.

मालकांनी विचारलं, "नाना, कोण बोललं?"

नाना खाली बघत होते. तिथे समोर तात्यांचे जोडे होते. रविवारी ते जोडे याच माणसाने बॅटरीने खुर्चीपर्यंत पोचवले होते. एक नाव घेतलं असतं तर सुटले असते. नाना म्हणाले, "मालक, दिवं गेल्यावरचं म्या कधी कुणाला सांगितलं न्हाय. आज बी सांगत न्हाय."

"म्हंजी तूच!" तो मोबाईलवाला ओरडला.

आणि मग तात्या बोलले. तो मोठेपणा आठवला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तात्या म्हणाले, "जाऊ द्या रं. गरीब मानूस हाय, चुकला आसंल. पोलिसात बिलिसात काय द्याचं न्हाय. फकस्त दारावर नगं आता त्यो. पोरांवर काय संस्कार व्हायचं?"

लोकांनी तात्यांच्या मोठ्या मनाची वाहवा केली. नानांनी शर्टाच्या खिशातून थेटराची किल्ली काढून मालकांच्या हातात दिली. बॅटरी त्यांची स्वतःची होती, ती घेऊन ते गेले. पिक्चर त्याच दुपारी उतरवला. वर्षभराने मालकांनी खुर्च्या विकून टाकल्या आणि मंगल कार्यालय काढलं.

आणि मी? मला आवाज माहीत होता. बैठकीत मी तोंड उघडलं नाही. मी सही केली. सातव्या नंबरला माझी सही आहे, पूर्ण नावानिशी, दुकानाच्या शिक्क्यासह. तात्या माझं रोजचं गिऱ्हाईक, त्यांच्या शब्दावर निम्मं गाव माझ्याकडे औषधाला येतं, एवढंच माझं कारण होतं. इतरांना शिव्या देताना हे लपवलं तर माझ्यासारखा नालायक मीच.

नंतरचं वर्ष नानांना वाईट गेलं. गल्लीतली पोरं त्यांना बघून 'छापी ओली कर' ओरडायची. नातीला बघायला आलेले पाहुणे चौकात चौकशी करून परस्पर परत गेले. आजोबा गांजावाले, असं त्यांना कळलं होतं. आयुष्यात सुपारीच्या खांडापलीकडे कसलं व्यसन न केलेला माणूस. त्यांची सून माझ्या दुकानात येऊन रडली. "डाक्टर, तुमी तरी सांगा त्यास्नी. कोण हुतं त्ये एकदा बोला म्हनावं. पोरीच्या जल्माचा परश्न हाय." मी काय सांगणार? मी म्हणालो, बघतो. त्या घरात नानांनी तेव्हाही नाव घेतलं नाही. नातीचं पुढे दुसरीकडे जमलं, पण त्या मधल्या दिवसांचा हिशोब कोण देणार?

नाना सोमवारी सेल घेऊन माझ्या पायरीवर यायचे मात्र. उन्हात मांडायचे, दोन तास बसायचे, उचलून न्यायचे. बॅटरी कशाला लागते, हे मी विचारलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या महिन्यात, अक्षयच्या लग्नात. अक्षय आता लग्नाचे व्हिडिओ काढतो. स्वतःच्या लग्नासाठी त्याने मुद्दाम हे जुनं थेटर घेतलं होतं. पडद्याच्या जागी स्टेज, स्टेजवर नवरानवरी, आणि 'आशीर्वाद' द्यायला शंभर मान्यवर. त्यात तात्याही. नाना आपल्या जुन्या जागी, डाव्या हाताच्या दारापाशी उभे होते. पाठ नवरानवरीकडे, तोंड पाहुण्यांकडे. मी त्यांच्याजवळ गेलो. इतक्या वर्षांचं सांगायचं राहिलं होतं.

"नाना," मी म्हणालो, "त्या रविवारी आवाज कोणाचा होता ते मला कळलं होतं."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तिसऱ्या रांगेत हुता तुमी. रुमालानं डोळं पुसत हुता. वडील गेल्यापासनं तुमाला हसताना बगितलं नव्हतं म्या. लई बरं वाटलं."

"आणि सही केली ती?"

नाना काही बोलणार होते. तेवढ्यात वीज गेली. दुपारची वेळ, पण थेटरला खिडक्या नसतात. आत मिट्ट काळोख झाला. पोरं रडायला लागली, कोणीतरी जनरेटरच्या नावाने ओरडायला लागलं. स्टेजवरून खाली उतरायच्या लाकडी पायऱ्यांवर तात्या अर्ध्यात अडकले होते. एक पाय वर, एक पाय चाचपडत. "आरं कोन हाय का रं?" त्यांचा आवाज चिरकला होता.

माझ्या शेजारी पिशवीतून काहीतरी काढल्याचा आवाज झाला. पिवळा उजेड जमिनीवर पडला आणि सरकत सरकत त्या पायऱ्यांपर्यंत गेला.

"पायरी हाय तात्या," नाना म्हणाले. "जपून."

तात्यांचा चाचपडणारा पाय थबकला. आवाज त्यांनी ओळखला होता. बराच वेळ तो पाय तसाच राहिला. उजेड हलला नाही, वरही गेला नाही. मग ते दोन जोडे एकेक पायरी करत खाली आले. वर तोंड कसं झालं होतं ते आम्हा कोणालाच दिसलं नाही.